चहा खाली आलाय

म्हात्रेबाईंची पर्स दिवसभर खुर्चीवर बसलेली असे आणि म्हात्रेबाई दिवसभर उभ्या असत. त्या आल्या त्या पहिल्या दिवशी मी सभ्यपणा म्हणून पर्स उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "बसा ना, बाई."

त्यांनी पर्स परत खुर्चीवर ठेवली.

"बसू दे तिला. सकाळपासनं खांद्याला लटकून दमली हाय ती. मी कशानं दमले?"

तेव्हा त्या आमच्या हिशेब विभागाच्या मुख्य म्हणून नव्याच आल्या होत्या. विभाग रोह्याशेजारी धाटावच्या एका केमिकल कंपनीतला. खाली प्लांट, टँकर, वजनकाटा, शिफ्टच्या माणसांची धावपळ. वरच्या मजल्यावर आम्ही. आम्ही म्हणजे खुर्चीला फुटलेली माणसं. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरून जे बसायचो ते संध्याकाळी पुन्हा बसमध्ये बसण्यासाठीच उठायचो. पाणी टेबलावर, चहा टेबलावर, फाइल टेबलावर. शेजारच्या ठाकूरशी बोलायचं तर इंटरकॉमवर. ठाकूर माझ्यापासून हातभर अंतरावर बसायचा. त्याचा आवाज मला एका कानात फोनमधून यायचा आणि दुसऱ्या कानात हवेतून, आणि यात काही विचित्र आहे असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. माझ्या पोटाबद्दल तर बोलायलाच नको. कीबोर्ड त्याच्यावर ठेवला असता तर कंपनीचं एक टेबल वाचलं असतं.

बाई बुटक्या, काटक, सावळ्या. साडी घोट्याच्या जरा वर आणि खाली पांढरेशुभ्र खेळाचे बूट. उजव्या हाताची करंगळी वाकडी. ती कबड्डीत मोडली होती. पेणच्या खाडीकडचं त्यांचं गाव. तिथल्या पोरींच्या संघातून त्या तरुणपणी खेळल्या होत्या आणि त्यांच्या चढाईची आठवण सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. ऑफिसच्या दारात आल्या की त्या वाकून उंबऱ्याला हात लावायच्या, तोच हात कपाळाला लावायच्या आणि मग आत पाऊल टाकायच्या. आम्हाला वाटलं, देवभोळ्या आहेत. ठाकूरनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "देवाचं कुठं काय? मैदानात उतरताना मातीला हात लावतात, तसा लावते. तुम्ही समोरचा संघ."

आणि खरंच, पहिली चढाई त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात केली. सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यातून आरोळी आली, "चहा खाली आलाय!"

आम्ही वाट बघत बसलो. चहा वर आला नाही. थोड्या वेळानं पुन्हा आरोळी. ठाकूरनं मला इंटरकॉम केला, "म्हणजे काय रे?" मी म्हटलं, "म्हणजे खाली आलाय, आता वर येईल." आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो. शेवटी मी खिडकीतून वाकून बघितलं, तर वजनकाट्याशेजारच्या बदामाच्या झाडाखाली किटली ठेवलेली आणि बाई टँकरच्या ड्रायव्हरांबरोबर उभ्यानं चहा पिताहेत.

"बाई, चहा!" मी वरून ओरडलो.

"हाय ना! गरम हाय. ये!"

त्या दिवशी आमच्यापैकी निम्म्यांनी बाणेदारपणे चहा सोडला. दुसऱ्या दिवशी बाणा तेवढाच होता, पण डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी सगळा हिशेब विभाग रांगेनं जिना उतरला. उतरणं सोपं होतं. चहा पिऊन वर चढताना ठाकूर मधल्या वळणावर कठड्याला धरून उभा राहिला आणि मी त्याला सोबत म्हणून तिथेच थांबलो. सोबत हे आपलं सांगायचं कारण. मला पुढची पायरी दिसत नव्हती.

*

आता मला जरा घरचं सांगायला हवं, कारण बाईंचा आणि माझा खरा संबंध आला तो त्यातूनच.

आमचं घर पेणच्या बाहेर, भातशेतांमधून जाणाऱ्या रस्त्यानं चालत पाऊण तासावरच्या गावात. मी तिथून पेण स्टेशन, तिथून गाडीनं रोहा, तिथून कंपनीची बस असा रोज येतो-जातो. पेणमधून गणपती जगभर जातात. खोक्यात भरून, पेंढा लावून, बोटीनं, विमानानं. आमच्या घरचा गणपती मात्र डोक्यावरून येतो. रीत अशी की आपल्या घरचा पाट उन्हाळ्यातच कारखान्यात नेऊन द्यायचा. कलाकार त्या पाटावर शाडूची मूर्ती घडवतो. आणि हरतालिकेच्या दुपारी घरच्या मोठ्या मुलानं तो पाट डोक्यावर घेऊन चालत उंबऱ्यापर्यंत यायचं, वाटेत कुठेही न टेकवता. आजोबांनी आणला, मग आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणला. आप्पांचे गुडघे गेले आणि मान माझ्याकडे आला.

पहिल्याच वर्षी मी अर्ध्या वाटेवरच्या, ओढ्यावरच्या मोरीवर बसलो. बसलो म्हणजे गुडघ्यांनी मला न विचारता निर्णय घेतला. गणपती मांडीवर, डोळ्यांपुढे काजवे, बरोबरचे लोक "पाणी आणा, पाणी आणा" करताहेत. तेवढ्यात आमचा रोजचा रिक्षावाला पांडू समोरून आला. पुढचं काय सांगू? गणपती बाप्पा पांडूच्या रिक्षातून घरी आले. दारात आप्पा टोपी घालून, भाकरतुकडा घेतलेल्या माझ्या बायकोच्या, नंदाच्या शेजारी उभे होते. रिक्षाचा आवाज आला तेव्हा त्यांनी रस्त्यावरची दुसरी कुणाची रिक्षा असेल म्हणून तिच्या पलीकडे मान लांब करून बघितलं. ते मान लांब करून बघणं मला अजून दिसतं.

विसर्जन झाल्यावर आप्पा म्हणाले, "पुढल्या वर्षी आपण इलासला सांगू. त्याचे पाय चांगले हायत."

विलास माझा चुलतभाऊ. धाटावलाच प्लांटमध्ये शिफ्टला आहे, शिडशिडीत आहे आणि स्वभावानं इतका चांगला की त्याचा रागही करता येत नाही. आप्पांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या काळजीनं म्हटलं होतं. नंदा रात्री म्हणाली, "अहो, मनाला लावून घेऊ नका." म्हणजे तिनंही लावून घेतलं होतं.

सुट्टीनंतर ऑफिसला गेलो तो मान खाली घालून. चहाला खाली उतरलो नाही. बाई वर आल्या, हातात माझा कप घेऊन. चहा त्यांनी वर आणला तो एकदाच.

"काय झालं?"

मी सांगितलं. ठाकूर हसला, त्या हसल्या नाहीत.

"कुठं बसलास?"

"मोरीवर."

"मोरी अर्ध्यावर हाय?"

"हो."

"मग रडतोस कशाला? गणपती मोरीपर्यंत चालत आलाय. पुढचं राहिलंय." आणि त्यांनी कप टेबलावर न ठेवता जिन्याकडे जाऊन पहिल्या पायरीवर ठेवला. "चहा तिथं हाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पेण स्टेशनवर त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. त्या रोज त्यांच्या गावाहून चालत स्टेशनला यायच्या आणि गाडीत जागा असली तरी दारापाशी दांडीला धरून उभ्या राहायच्या. "गाडी चालतेय, मी बसू कशाला?" असं म्हणायच्या. जणू गाडीला एकटं वाटेल.

"कशानं आलास?"

"पांडूच्या रिक्षानं."

"रिक्षा कुठनं धरलीस?"

"दारातनं. पांडू हॉर्न वाजवतो."

"उद्यापासनं वडापाशी धर."

वड आमच्या घरापासून चार घरं पुढे. एवढं काय, म्हणून मी हो म्हटलं. पांडू दारात हॉर्न वाजवत राहिला आणि मी वडाखालून त्याला हाका मारत राहिलो. आठवड्याभरानं बाईंनी वड उठवला आणि शाळेवर नेऊन ठेवला. पावसाळा संपून भात कापणीला आलं तेव्हा मी शाळेच्या पुढे पोचलो होतो. थंडीत मोरी आली. त्या दिवशी मोरीच्या कठड्याकडे मी बघितलंच नाही. तिथे बसलेला गणपतीतला मी मला दिसेल अशी भीती होती. रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर बाईंचा प्रश्न ठरलेला: "आज कुठनं?" आणि मी शाळकरी पोरासारखा सांगायचो. संध्याकाळीही तसंच, उलट्या बाजूनं. होळीच्या आसपास पांडूची रिक्षा सुटली ती सुटलीच.

पांडू एका सकाळी स्टेशनबाहेर बाईंना गाठायला आला.

"बाई, तुमी माजा गिऱ्हाईक तोडलाव."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. पांडू रिक्षातून अर्धाच बाहेर आलेला, एक पाय आत.

"दिवसभर बसूनच असतोस ना रं?"

"म? रिक्षा उबी राहून चालवू?"

"गिऱ्हाईक नसल तवा तरी उतरत जा. मणका वाकलाय बघ तुजा."

पांडू माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, ही बाई तुमाला कुठं भेटली?" आणि दुसरा पायही आत घेऊन निघून गेला.

*

ऑफिसात दरम्यान वेगळीच लढाई चालू होती. चहाला उतरणं आता अंगवळणी पडलं होतं, पण चढताना मधल्या वळणावर अर्धा विभाग उभा राहायचा. बाईंचं म्हणणं, पाय ठीक आहेत, दम नाही. आणि दम म्हटल्यावर त्यांना एकच उपाय माहीत.

"कबड्डी म्हणत चढायचं. एका श्वासात. श्वास तुटला की थांबायचं, खाली जायचं नाय, तिथनंच पुढं."

मोठ्यानं म्हणायची आम्हाला लाज वाटायची, म्हणून आम्ही पुटपुटत चढायचो. अकरा माणसं, एकामागून एक, घशातल्या घशात "कबड्डी-कबड्डी-कबड्डी" करत जिना चढताहेत. जिना लोखंडी, त्यामुळे तो गुणगुणणारा आवाज आत घुमायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. हेड ऑफिसहून तपासणीला आलेल्या साहेबांना नव्हती.

ते नेमके चहाच्या वेळी आमच्या मॅनेजरांच्या केबिनमध्ये येऊन बसले. विभागात सगळ्या खुर्च्या रिकाम्या, एका खुर्चीवर फक्त पर्स. आणि मग जिन्यातून तो जमावाचा आवाज वर येऊ लागला, जवळ जवळ. साहेबांना वाटलं कामगारांचा मोर्चा आला. त्यांनी उठून केबिनची कडी आतून लावली. मॅनेजर बिचारे आतूनच त्यांना समजावत होते, "नाही सर, ते हिशेब विभागाचे आहेत. चहा पिऊन येताहेत." साहेब म्हणाले, "मग घोषणा कसल्या देताहेत?"

कडी उघडली तेव्हा दारात म्हात्रेबाई. त्यांनी खुलासा केला, तोही असा: "साहेब, तुमच्या चेहऱ्यावरनं वाटतं तुम्ही बसूनच आलात मुंबईहून. चला, चहा खाली हाय."

मॅनेजरांनी डोळे मिटून घेतले. पण साहेब गेले हो! खाली गेले, झाडाखाली उभ्यानं चहा प्यायले, आणि वर येताना कुणी बघत नाही असं बघून पुटपुटायला लागले. ठाकूर त्यांच्या मागे होता. तो शपथेवर सांगतो की साहेब मधल्या वळणापर्यंत एका दमात आले. तपासणीत आमच्या काही चुका निघाल्या, त्यांनी त्या समजुतीनं घेतल्या. ठाकूर त्याचं श्रेय जिन्याला देतो.

आम्ही हसायचो, चेष्टा करायचो. एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी ठाकूर सहज म्हणाला, "बाई, तुम्हाला बरी हौस आहे." बाई डबा हातात धरून खिडकीशी उभ्या होत्या.

"हौस नाय रे. माझी आई मिठागरात पाट्या वाहायची. मी पण वाहिल्यात, शाळा सुटल्यावर. घरात खुर्ची नव्हतीच. मग लगीन झालं, आमचे मालक सरकारी हापिसात लागले. खुर्ची मिळाली म्हणून गावात पेढे वाटले आम्ही. तीच खुर्ची त्यांना सुटली नाय. साखर झाली. आधी अंगठा काढला, मग पाऊल." त्यांनी डबा बंद केला. "ते आता बसूनच असतात. त्यांचं उभं राहायचं राहिलंय, ते मी राहून घेते."

त्या दिवशी दुपारी ठाकूरनं मला इंटरकॉम केला नाही. उठून आला, माझ्या टेबलाशी उभा राहिला, म्हणाला, "काही नाही, असाच आलो." त्या दिवसापासून आमच्या विभागातले इंटरकॉम फारसे वाजले नाहीत.

*

पाय झाले, दम झाला. राहिलं डोकं. उन्हाळ्यात बाईंनी स्वतःच्या जुन्या साडीची एक चुंबळ वळून आणली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर जुन्या व्हाउचरांचं भरलेलं खोकं.

"ओझं ताकदीवर नाय राहत. मानेवर राहतं. मान सरळ ठेव. आणि डोळे पायांत घालू नको. जिथं जायचंय तिथं डोळे ठेव, पाय मागनं येतात."

मी कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीवर डोळे ठेवून चाललो. मॅनेजर केबिनबाहेर आले. समोर पन्नाशीचा हिशेबनीस डोक्यावर खोकं घेऊन येतोय, मागे बाई.

"हे कुठे नेताय?"

"कुठे नाही साहेब," मी मान न वळवता म्हणालो. "परत आणणार आहे."

ते पुन्हा केबिनमध्ये गेले. त्यानंतर त्यांनीही बाईंबद्दल काही विचारणं सोडून दिलं.

घरी मी यातलं काही बोललो नव्हतो. आप्पांपुढे काय बोलणार? फुशारकी मारायची आणि पुन्हा मोरीवर बसायचं? आप्पाही काही विचारत नसत. संध्याकाळी मी चालत घरी यायचो तेव्हा ते ओटीवर बसलेले असायचे. पायांकडे बघायचे, "आलास?" म्हणायचे, बस. गणपती कुणी आणायचा हा विषय घरात निघतच नव्हता. विलासला सांगितलं होतं का नव्हतं, हेही मला कळत नव्हतं. एक दिवस सकाळी निघताना दारामागे फडक्यात गुंडाळलेला पाट टेकून ठेवलेला दिसला. आप्पा म्हणाले, "जाताना कारखान्यात देऊन टाक." मी देऊन टाकला. जड वाटला, पण गाडीची घाई होती, फडकं सोडूनही बघितलं नाही.

ते न बघणं मला भाद्रपदात भोवलं.

हरतालिकेच्या दुपारी आम्ही कारखान्यात गेलो. ओल्या रंगाचा वास, गर्दी, जो तो आपापल्या पाटाच्या शोधात. कलाकारानं आमचा गणपती पुढे आणला आणि मी दोन पावलं मागे सरलो. गेल्या वर्षीपेक्षा मूर्ती चांगली हातभर रुंद आणि तशीच उंच. दोन माणसांनी धरून आणलेली.

"हा आमचा नाही," मी म्हटलं.

"तुमचाच. पाट बघा."

पाट बघितला. आजोबांच्या वेळचा, शिसवी, कडेला पितळी फुलं ठोकलेला. तो तर कधीचा माळ्यावर पडून होता! आप्पांनी त्यांच्या उतारवयात बारका पाट करून घेतला होता आणि गेली कित्येक वर्षं तोच जात होता.

"अहो, चुकून मोठा पाट आला!"

"मंग सांगायचं होतं," कलाकार म्हणाला. "आमी पाट बघून मूर्ती करतो. एवढ्या पाटावर बारका गणपती बसवला असता तर लोक हसले असते."

आता पाट आमचा, त्यावरची मूर्ती आमची. बदलायचं कुणी मनातही आणणार नाही. मागे विलास उभा होता. शिफ्ट बदलून आला होता. हळूच म्हणाला, "दादा, मी हाय मागं. सांग फक्त." मी मान हलवली, कशासाठी ते मलाही कळलं नाही.

आणि तेवढ्यात गर्दीतून पांढरे बूट आले. बाई, त्यांच्यामागे घामाघूम ठाकूर. रोह्याहून गाडीनं आले होते, स्टेशनवरून चालत.

"बाई, तुमचा हरतालिकेचा उपास ना?"

"उपास पोटाचा हाय, पायांचा नाय." त्यांनी मूर्तीकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "मोठा हाय," म्हणाल्या. बस एवढंच. पिशवीतून चुंबळ काढून माझ्या टोपीवर ठेवली.

विलासनं आणि ठाकूरनं गणपती उचलून माझ्या डोक्यावर दिला. मान आत गेल्यासारखी वाटली, मग थांबली. बाई पुढे झाल्या. "डोळे?"

"तुमच्या पाठीवर."

"चल."

पेण संपेपर्यंत गर्दीनंच ढकलत नेलं. मग शेतांचा रस्ता लागला. भात हिरवंगार, वर बारीक भुरभुर, रस्ता ओला. ताशावाला पुढे, त्याच्यामागे बाई, मग मी. हा रस्ता मी वर्षभर पायांनी वाचला होता. कुठे खड्डा, कुठे दगड, खाली बघायची गरज नव्हती. मोरी तर लांबूनच कळली, कारण तिथे पांडू रिक्षा लावून आत बसला होता.

"काका, बसताव काय?" पांडूनं विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. त्याला खरंच वाटलं, आता बसणार.

आणि मला बसावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? खांदे पेटले होते, तोंडाला कोरड, श्वास वरच्या वर. पाऊल जरा अडखळलं. मागून विलासचे हात पाटाच्या कडेशी आल्याचं जाणवलं. त्यानं धरलं असतं की मान त्याचा, आणि त्यात त्याचं काही चुकलं नसतं.

बाई वळल्या नाहीत. थांबल्या नाहीत. पाठमोऱ्याच, हळू आवाजात सुरू झाल्या, "कबड्डी-कबड्डी-कबड्डी..."

ठाकूरनं उचललं. मग मी. घशात होता नव्हता तेवढा श्वास त्यात घातला. तुटला, पुन्हा घेतला, तिथनंच पुढं. विलासला जिन्याची काही कल्पना नव्हती, पण तो रायगडचा माणूस. कबड्डी म्हटल्यावर गप्प राहील कसा? त्यानं हात काढून घेतले आणि मोठ्यानं सुरू केलं. बरोबरचे सगळे सुरू झाले. ताशावाल्यानं एकदा मागे वळून बघितलं, खांदे उडवले, आणि काठ्या त्याच चालीवर धरल्या. गणपतीला मोरया सगळेच म्हणतात. आमचा बाप्पा कबड्डीच्या गजरात मोरी ओलांडून गेला, आणि शपथ घेऊन सांगतो, त्यालाही ते आवडलं असणार. एरवी तो इतका हलका झाला नसता.

शाळा गेली. वड गेला. पुढे आमचं अंगण आणि दारात आप्पा. यावेळी ते मान लांब करून बघत नव्हते. सरळ उभे होते.

नंदानं पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आप्पा पुढे आले, दोन्ही हातांनी पाटाची कड धरली आणि पितळी फुलांवरून बोट फिरवलं.

"आप्पा, चुकून मोठा पाट गेला," मी कसंबसं म्हटलं.

"चुकून कशाला? मीच उतरवला माळ्यावरनं."

"पण तुम्ही तर विलासला..."

"इलासला बारका पुरला असता," आप्पा म्हणाले. "तू होळीपासनं चालत यायला लागलास. तवाच उतरवून ठेवला."

बाप्पा मखरात बसले तेव्हा विलासनं सगळ्यांत मोठ्यानं मोरया म्हटलं.

*

बाई त्या महिन्याअखेर निवृत्त झाल्या. मी सणाच्या रजेवर असताना त्यांनी निरोप समारंभ उरकूनही घेतला. बदामाच्या झाडाखाली, एकही खुर्ची मांडू न देता. आमच्याकडे चहा अजून खालीच येतो. आरोळी आता ठाकूर देतो, आणि नवी पोरं वर बसून वाट बघतात, पहिले एक-दोन दिवस. खाडीकडच्या गावाहून येणारी माणसं सांगतात की तिथल्या पंचायतीच्या कार्यालयात सध्या एक पर्स खुर्चीवर बसायला लागली आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हरतालिकेच्या दुपारीच. मूर्ती ठेवून अंगणात आलो, म्हटलं, आता बाईंना आत बोलवावं, आप्पांना भेटवावं. तर बाई नव्हत्या. त्यांच्याही घरी गणपती येणार होता. रस्त्यावर लांब, वडाच्याही पुढे, ती बुटकी आकृती झपझप चालली होती, छत्री न उघडता काखेत. बऱ्याच मागे ठाकूर, हात हलवत, थांबा म्हणत असावा. त्या थांबत नव्हत्या.

मग समोरून पांडूची रिक्षा आली आणि त्यांच्यापाशी हळू झाली. बसा म्हणाला असणार. काहीतरी बोलणं झालं. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला ते पाठ होतं. रिक्षा थोडी पुढे गेली. थांबली. इंजिन बंद झालं.

आणि पांडू खाली उतरला. दोन्ही पायांनी. कमरेवर हात ठेवून आधी मागे वाकला, मग उड्या मारल्यासारखं करत बाईंना गाठायला निघाला. मोरीच्या दिशेनं दोघं बरोबर चालताना दिसली. रिक्षा मागे रिकामी उभी, आणि ठाकूर तिच्याकडे आशेनं बघत, तिला हात न लावता, पुढे निघून गेला.